चंदगडच्या मातीतलं माझं प्रोटीन

१२ जाने. १९९८
पुन्हा तेच. लोखंडाचं द्रावण घातलं की दोन्ही नळ्यांत तळाला गंज. प्रोटीन घातलेली काय, न घातलेली काय, सारख्याच. सर नळ्या उजेडाला धरून म्हणाले, "मेलंय की गं हे! पुढच्या सोमवारपर्यंत न्हाय झालं तर विषय बदलायचा." तीन वर्षं गेली पीएच.डी.ची. चंदगडची तांबडी माती मी आणली, त्यातला जीवाणू मी वाढवला, त्यातून हे प्रोटीन मी काढलं. मेलंय म्हणे.

१३ जाने.
जीवाणूचा अर्क पासष्ट अंशाला तापवला. बाकीची प्रोटीनं दूध नासावं तशी फाटली, माझं जसंच्या तसं. हे मेलेलं? सरांना चार शब्द सुनवावेसे वाटले.

१५ जाने.
सापडलं! लोखंडाचं द्रावण लॅबमधले आम्ही सगळे फ्रीजमधल्या एकाच बाटलीतून घेतो, वाया जाऊ नये म्हणून. आज बाटली नीट पाहिली, आत पिवळं. ताजं असताना फिकट हिरवं असतं. म्हणजे हवेनं आधीच गंजवलेलं लोखंड मी देत होते. गंजवून आपल्या पोकळ पोटात साठवायचं, हेच तर प्रोटीनचं काम. त्याला करायला उरलंच काय! काटकसर नडली. आणि बाटली मीच भरलेली, दिवाळीआधी. सरांना सांगावं लागणार...

१६ जाने.
ताजं द्रावण. साध्या नळीत गढूळ, गंज तळाला. प्रोटीनच्या नळीत कोऱ्या चहाचा रंग, नितळ. दुपारपर्यंत कणही खाली बसला नाही. फार अभिमान वाटला. प्रोटीनचा, आणि माझासुद्धा. का लपवू?

अव्वा नेसरीहून आली होती. आईला काय कळणार असं वाटलं, तरी दाखवलं. "ह्यात लोखंड हाय व्हय? दिसंना की!" दिसत नाही हेच तर यश. परत जाताना स्टँडवर शेजारच्या बाईला सांगत होती, "माझ्या लेकीनं लोखंड पाण्यात लपवलंय."

१९ जाने., सोम.
सरांनी द्रावण स्वतः केलं, माझं घेतलं नाही. राग आला. पण त्यांच्या हातूनही तोच रंग! सरांनी नळी पुन्हा उजेडाला धरली. मी बाटलीचं कबूल केलं, तर हसले. "मीबी त्यातनंच घेत होतो की." विषय तोच राहिला. मग म्हणाले, "लोखंड आत घेतंय, पटलं. जीवाणूला लागलं तर बाहेर कसं काढतंय?"

"दाखवते, सर," म्हणून बसले.

कसं, ते मलाही माहीत नाही.