खालचा डावा कोपरा

नांदेड
३ सप्टेंबर २०२४

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

काल फोनवर बोललो तरी पत्र लिहिते आहे. बाबा म्हणायचे, फोनवर माणूस हूं हूं करून सुटतो, कागदावर सुटता येत नाही. ते गेल्यावरही आपण दोघांनी हा नेम मोडला नाही, याचं मला बरं वाटतं.

तुझ्या सांगण्यावरून वजिराबादला सिद्धेश्वरच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले. आमच्या कॉलेजतर्फे नायगाव ते देगलूर रस्त्याकडेच्या गवतांची नोंद करायची आहे. गवताचं फूल तांदळाच्या कणीएवढं असतं, मोबाईल तिथं पुरत नाही. तू म्हणालास तसा वापरलेला डीएसएलआर पाहिला. बॉडी चांगली आहे, बटणांवरची अक्षरंही शाबूत आहेत. अडलं ते लेन्सवर. बारीक वस्तू मोठी दाखवणारी मॅक्रो लेन्स लावून व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, पाहिलं तर खालचा डावा कोपरा गढूळ. चित्राखाली हिरवे आकडे असतात ना, त्यांतला पहिला तर दिसेचना. दुसरी लेन्स लावली, तेच. तिसरी, तेच. शेवटी सिद्धेश्वर म्हणाला की मॅडम, तीन कंपन्यांच्या तीन लेन्सा एकाच कोपऱ्यात नासत असतील तर मी उद्यापासून दुकानात भजी तळतो. सगळे हसले. मीही हसले, पण घरी येऊन डायरीत लिहिलं की चारचौघांत त्याच्या मालावर संशय घेतला, हे योग्य केलं का?

तिन्ही लेन्सांनी काढलेले फोटो छापून सोबत पाठवते. मला त्यांत दोष सापडत नाही, पण तू फोटोवाला, तुझी नजर तयार आहे. कोणती घेऊ ते कळव. आरती वहिनीला जयभीम.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
मनिषा


लातूर
८ सप्टेंबर २०२४

चि. मनिषास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

फोटो मिळाले. भिंग लावून पाहिले. चारी कोपरे लख्ख आहेत. लेन्समध्ये खोट असती तर ती फोटोत उतरली असती. तेव्हा सिद्धेश्वरला भजी तळायला लावू नकोस, त्याच्या हाताला चव न्हाई. शंभर एमएमची मॅक्रो चांगली, पण आताच पैसे देऊ नकोस, माझ्याकडं एक पडून आहे. गवताचे फोटो काढताना कॅमेरा तिपाईवर लाव, वारा थांबेपर्यंत तू पण थांब. घाईचं काम न्हाई हे.

आता एक कर. कॅमेऱ्याला डावा डोळा लावून तोच कोपरा बघ. मग घरच्या कॅलेंडरसमोर हातभर अंतरावर उभी राहा. एक डोळा तळहातानं झाक, नजर मधल्या तारखेवर ठेव आणि हलवू नको. बाजूच्या किती तारखा दिसतात ते मोज. मग दुसरा डोळा झाकून तसंच कर. फरक वाटला तर डोळ्याच्या डॉक्टरकडं जा. चष्मेवाल्याकडं न्हाई, डॉक्टरकडं. आणि सुट्टीची वाट बघू नको.

आरती म्हणते मनिषाला उगाच भेवडावू नका. मी भेवडावून राहिलो न्हाई, सांगून राहिलो. बाकी इकडं सगळं ठीक.

पाठीशी आहेच, निर्धास्त राहा.
तुझा दादा, संघपाल


नांदेड
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

दुकानात जाऊन डाव्या डोळ्यानं पाहिलं तर कोपरा स्वच्छ होता.

कॅलेंडरसमोर उभी राहिले. उजव्या डोळ्याला खालच्या डाव्या अंगाच्या तारखा नव्हत्या. तिथं काळं दिसत नाही रे. काळं दिसलं असतं तर कधीच कळलं असतं. तिथं नुसता कागदाचा पांढरा रंग पसरलेला होता, जणू कोणी तारखा छापल्याच नव्हत्या. दोन्ही डोळे उघडले की त्या परत जागेवर. आपण वावरतो दोन डोळ्यांनी, आणि एक डोळा दुसऱ्याचं झाकून घेतो. व्ह्यूफाइंडरला एकच डोळा लावावा लागतो, म्हणून हे उघडं पडलं.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेले. एका पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून बसवलं. बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. बराच वेळ मी काहीच दाबलं नाही, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या की दिवे लागून राहिलेत बाई, दाबा की. 

काचबिंदू आहे. गेलं ते परत येणार नाही. रोज थेंब घातले तर राहिलेलं टिकेल.

बाबांचाही हाच होता हे आठवतं ना? आपण सगळे त्याला मोतीबिंदू समजलो. पिकू द्या, पिकल्यावर काढू, असं जो तो म्हणत होता. मी तर विज्ञान शिकलेली, मीही म्हणाले की उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू. मे महिना येईपर्यंत बाबा दाराची चौकट चाचपायला लागले होते. त्या एका वाक्याबद्दल मी डायरीत किती पानं लिहिली आहेत, त्याचा काही उपयोग नाही.

डॉक्टरांनी विचारलं, सख्खं भावंड आहे का? मी हो म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले की त्यांना याच महिन्यात तपासून घ्यायला सांगा. तर दादा, तू जा.

आणि एक विचारते. डोळा झाकून, नजर स्थिर ठेवून तारखा मोजायच्या, हे तुला कोणी शिकवलं?

तुझ्या मायेची नेहमीपेक्षा जास्त गरज असलेली,
मनिषा


लातूर
२० सप्टेंबर २०२४

चि. मनिषास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र वाचलं. आरती रडली. धीर सोडू नको, थेंब एक दिवस पण चुकवू नको. बाबांचं मनाला लावून घेऊ नको. तेव्हा कोणालाच कळलं न्हाई, एकट्या तुझी चूक कशी?

माझं म्हणशील तर मी बरा आहे. तीस वर्षं कॅमेरा धरला, त्यात अशा दहा गोष्टी कळतात, त्यातली ती एक कॅलेंडरची. सध्या काम लई आहे. दिवाळीनंतरची पाच लग्नं आताच ठरलीत, त्यात निलंग्याचं मोठं आहे. एवढी लग्नसराई झाली की निवांत दाखवतो.

मॅक्रो बांधून ठेवली आहे, पाठवतो. समोरच्या काचेला हात लावू नको, पदरानं तर मुळीच पुसू नको. तुझी सवय मला माहीत आहे.

स्वतःला जप.
तुझा दादा, संघपाल


नांदेड
२५ सप्टेंबर २०२४

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

हे पत्र तीन वेळा फाडलं. आपल्याच भावावर पाळत ठेवल्यासारखं वाटतं. पण न लिहिणं त्याहून वाईट, म्हणून लिहिते.

काल अल्बम काढला. त्यात तुझा जळकोटचा जुना फोटो आहे. पहिला कॅमेरा उजव्या डोळ्याला, आणि डावा असा घट्ट मिटलेला की बाबा म्हणाले होते, पोरगं लिंबू चावून फोटो काढतंय. मग मागच्या वर्षीचे आपल्या नात्यातल्या तनुजाच्या लग्नातले, तूच काढलेले फोटो पाहिले. नवरीच्या खोलीत मोठा आरसा आहे, त्यात मागं तू उभा आहेस. आरशातलं उलटं हिशेबात धरलं तरी कॅमेरा डाव्या डोळ्याला आहे. नाक कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दबलंय. आरसा आलेल्या चारही फोटोंत तसंच.

माझा तर्क चुकीचा असेल. खांदा दुखत असेल, सवय बदलली असेल. तसं असेल तर मला खुळी म्हण, मी आनंदानं ऐकीन. पण लग्नसराई झाली की दाखवतो, हे वाचल्यापासून मला झोप नाही. दादा, हे माझंच वाक्य आहे. मी सुट्टी म्हणाले होते, तू लग्नसराई म्हणतोस.

म्हणून एकच मागते. कागदावर, तुझ्या हातानं एवढं लिहून पाठव: माझ्या उजव्या डोळ्याला चारी कोपरे दिसतात. तू लिहिलंस तर मी पुन्हा विचारणार नाही.

रागावलास तरी तुझीच,
मनिषा


लातूर
५ ऑक्टोबर २०२४

चि. मनिषास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

ओळी वरखाली झाल्या असतील. डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्यात, दवाखान्याच्या बाकावर बसून अंदाजानं लिहून राहिलो.

तू मागितलेलं वाक्य लिहायला चार दिवस रोज कागद घेतला. लिहिता आलं न्हाई.

दीड वर्ष झालं. औशाला एका लग्नात नवरीची आई पाया पडणाऱ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवत होती. मी फोटो काढला. पुढं फोटोत पाहतो तर त्या माउलीचा हात अर्धाच आलेला. मला वाटलं होतं, पुरा घेतला. त्या दिवशी घरी येऊन कॅलेंडरसमोर उभा राहिलो, तेव्हापासून दर महिन्याला मोजतोय. आधी उजव्या डोळ्याच्या चारपाच तारखा जायच्या, मग आठवडा, मग दोन. आरतीला पण सांगितलं न्हाई. लातूरसारख्या गावात फोटोवाल्याला दिसत न्हाई अशी बातमी फुटली तर दुसऱ्या दिवशी दारात कोण येईल? पण खरं भ्या त्याचं नव्हतं. बाबा चौकट चाचपायचे तो आवाज माझ्या कानात होता. डॉक्टरनं काही सांगितलं न्हाई तोवर आपल्याला काही झालंच न्हाई, असं वाटायचं. तुला मात्र वाट बघू नको म्हणून लिहून बसलो. बहिणीसाठी भ्यालो तेव्हा अक्कल आली, स्वतःसाठी आली न्हाई.

तुझं पत्र आरतीनं वाचलं.  चप्पल घालून दारात उभी राहिली.

उजव्यात थोडंच उरलंय. डाव्यात नुकतं सुरू झालंय, तेवढं वाचवायचं असं डॉक्टर म्हणाले. सहा महिन्यांनी आलो असतो तर काय, ते मी विचारलं न्हाई, त्यांनी पण सांगितलं न्हाई. निलंग्याचं लग्न माझ्या हाताखालचा मृत्युंजय काढील, मी शेजारी उभा राहून त्याला हात कुठं येतो ते सांगीन.

लेन्स आजच पाठवली. डाव्या डोळ्यानंच बघ, आणि माझ्यासारखं लपवून न्हाई. आता तू मोजायचं, मी मोजायचं, आणि दर महिन्याच्या पत्रात खरं तेच लिहायचं. माझं हे घे. आज सकाळी दवाखान्याला निघण्याआधी मोजलं. उजव्या डोळ्याचं लिहीत न्हाई, लिहिण्यासारखं उरलं न्हाई. डाव्या डोळ्याला सगळ्या तारखा दिसल्या, फक्त सहा दिसली न्हाई. तीनदा पाहिलं.

उद्या सहा तारीख आहे.

तुझं कळव. काही लपवू नको.
तुझा दादा, संघपाल