ताईसमोर नववं प्रकरण

४ फेब्रुवारी

झालं! ताईने माझीच कादंबरी मागितली. जगातली बाकीची पुस्तकं काय संपली?

डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय तिचं. डॉक्टरांनी दहा दिवस पालथं झोपायला सांगितलंय – जेवण सोडलं तर तोंड खालीच. बूढापाऱ्यातल्या आमच्या घरीच आणलं तिला. एकाहत्तर वर्षांची बाई, उशीत कपाळ रुतवून पडलेली. टीव्ही नाही, मोबाइल नाही. म्हणाली, "सुनीती, लय बोर होऊन राहिलं मले. तुझं ते पहिलं पुस्तक वाच ना. माझं राहूनच गेलं."

राहूनच गेलं! अठरा वर्षं मी देवाचे आभार मानतेय की राहिलं.

५ फेब्रुवारी

दोन प्रकरणं झाली. बाबांची रेल्वेतली नोकरी, आईचा कडकपणा – सगळं ओळखलं तिने. खूप हसली. "हे तं आपलंच घर आहे!" मग जरा थांबून, "मी केव्हा येते?"

येशील, म्हटलं. आणि पुस्तक मिटलं.

७ फेब्रुवारी

इथे तरी खरं लिहावं.

ताई नवव्या प्रकरणात येते. शारदा नावाने. धाकट्या बहिणीचं प्रेम वडिलांच्या कानावर घालते आणि मोडते – निव्वळ जळफळाटाने. माझं मोडलं तेव्हा मला खात्रीच होती की ताईनेच सांगितलं. नव्हतं तिने सांगितलं! माझी प्रेमाची चिठ्ठी आईला सापडली होती, तिनेच बाबांना सांगितलं. हे आईने शेवटच्या आजारपणात सांगितलं. तोवर पुस्तक छापून तीन वर्षं झाली होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर म्हणता आलं असतं, चूक झाली. पण पुढे दुसरी आवृत्ती निघाली. प्रकाशकाचा फोन – काही फेरफार करायचे का? मी म्हटलं, नाही. कारण सगळ्यांना तेच प्रकरण आवडलं होतं! पत्रं आली होती, शाल-श्रीफळ झालं होतं. "कलाकृतीला हात लावू नये," असं मीच मला सांगितलं. काय पण तोंड माझं!

८ फेब्रुवारी

आज नववं. ताईला माझा चेहरा दिसत नव्हता, पानही नाही. पुस्तक हातात धरलं आणि मनाचंच वाचत सुटले. शारदा वडिलांपुढे उभी राहते. म्हणते, हिला हिच्या मनासारखं करू द्या. वडील ओरडतात, ती हलत नाही. वीस मिनिटं बोलले, एकदाही अडखळले नाही.

आणि छापल्यापेक्षा चांगलं झालं ते! ही बाई जिवंत होती, छापलेली नुसतीच कडू. तेव्हा का नाही सुचलं? सुचवून घ्यायचंच नव्हतं. दुसऱ्यांच्या कादंबऱ्या वाचताना मी समासात पेन्सिलीने लिहिते – इथे लेखकाने पात्रावर सूड उगवला. लगेच कळतं मला. दुसऱ्याचं.

ताईने नाक ओढलं. "काय लिहिलं बाप्पा तू!"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

९ फेब्रुवारी

लेकीला, अनुश्रीला, सगळं सांगितलं. स्कूटीची चावी शोधता शोधता म्हणते, "तो बता दो ना मौसी को! सिंपल है, मम्मी."

हव, सिंपल! तीनदा ताईच्या खोलीत गेले. एकदा चहा घेऊन, एकदा औषध घालायला, एकदा उगीचच.

१० फेब्रुवारी

उद्या सांगणार. नक्की.

११ फेब्रुवारी

सांगायला बसले. मी तोंड उघडायच्या आतच ताई उशीतून बोलायला लागली, सावकाश.

"'शारदाला स्वतःच्या ताटापेक्षा दुसऱ्याचं सांडलेलं पाहूनच पोट भरल्यासारखं वाटे.' बरोबर ना?"

छापलेलं वाक्य. शब्दन् शब्द.

"पुस्तक आलं त्याच वर्षी वाचलं होतं मी. रडली, पण रागावली नाही. तुले वाटलं असंन, मीच सांगितलं. मग आईनं तुले खरं सांगितलं, तवा मी दाराशीच उभी होती. पुढे दुसरी आवृत्ती निघाल्याचं समजलं. त्याच दिवशी जाऊन विकत आणली गं मी. घरी येईपर्यंत दम नाही निघाला. दुकानातच नववं प्रकरण उघडलं."