तुझ्या हाताबद्दल खरं सांगितलं

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझ्या भाच्याचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे ‘स’ म्हणायला गेला की शिट्टी वाजते. तुझी कंबर आता कशी आहे? दोन वर्षांत तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. हे चौथं फाडायचंच असेल तर निदान वाचून फाड.

मी अजून त्याच जुन्या सूतगिरणीत, म्हणजे आताच्या संग्रहालयात, लोकांना माहिती सांगते. दीडशे वर्षांपूर्वीचं सूत कातायचं एक यंत्र आम्ही चालू ठेवलंय. त्याच्याखाली कापसाचे पुंजके गोळा करायला पोरं रांगत जायची आणि तुटलेले धागे जोडायला पोरी चौदा-चौदा तास उभ्या असायच्या. काचेखाली त्यांची हजेरीवही आहे. वय आठ, वय नऊ. शेऱ्यात लिहिलंय, ‘बोटं बारीक, कामाला उत्तम.’ शेवटी मी म्हणायची, ‘सुदैवाने ते दिवस गेले.’ पाच वर्षं पोपटासारखं म्हटलं.

गेल्या महिन्यात एका शाळेची सहल आली. धागा तोडून जोडून दाखवताना माझी गाठ दोनदा सुटली. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पुढे आली, मी करू का म्हणाली. मी हो म्हणेपर्यंत तिने गाठ मारून उरलेलं टोक दातांनी तोडलंसुद्धा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कुठे शिकलीस, असं मी कौतुकाने विचारलं.

“कामावर,” ती हळूच म्हणाली.

शाळेच्या बाईंनी सारवासारव केली, आईला मदत करते हो, म्हणाल्या. पण मी तिचं बोट पाहिलं. तर्जनीवर धाग्याने कापून पडलेली खाच. तुझ्या बोटावर आहे तश्शी.

मग ते नेहमीचं वाक्य तोंडातून निघेना. मी म्हणाले, “ते दिवस गेलेले नाहीत. माझी ताई अकरा वर्षांची असताना रिळं भरायच्या कारखान्यात जायची, मला शाळेत जाता यावं म्हणून. तिथल्या यंत्राच्या पट्ट्यात तिची दोन बोटं गेली. मी आज तुमच्यासमोर उभी आहे ती तिच्यामुळे.”



ताई, आता जे टाळत आले तेच लिहिते. दोन वर्षांपूर्वी संग्रहालयाच्या नव्या दालनाच्या उद्घाटनाला तू आली होतीस. आमच्या साहेबांनी तुझ्या हाताला काय झालं म्हणून विचारलं आणि मी पटकन म्हणाले, लहानपणी दारात सापडला. तू माझ्याकडे बघितलंस, हात शालीत घेतलास आणि न जेवता निघून गेलीस. मला तुझी लाज वाटली नव्हती, असं आधीच्या तिन्ही पत्रांत लिहिलं. ते खोटं होतं. वाटली होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या पोरांसाठी गळा काढणारी मी, आणि स्वतःच्या बहिणीची गोष्ट गिळून बसले.

पुढचं ऐक. दोन दिवसांनी बाई आणि मी त्या मुलीच्या घरी गेलो आणि तिथून ती जाते त्या धाग्याच्या कारखान्यात. त्या काळच्या पोरांना भोंगा उठवायचा, हिला आई पहाटे उठवते. शाळेआधी तीन तास, शाळेनंतर चार. तेव्हा निदान वहीत पोरांची नोंद व्हायची. इथे पोरं कुठल्याच वहीत नाहीत, दार आतून लावलेलं, कोणी विचारलं तर आईबरोबर आलेत म्हणायचं. मालक आम्हाला हसत म्हणाला, मोठ्यांच्या जाड बोटांना हे जमत नाही. जणू तो शेरा त्यानेच लिहिला होता.

तिच्या आईने तर आम्हाला फैलावर घेतलं. शाळेने पोट भरतं का, म्हणाली. आपली आईही हेच म्हणायची, आठवतं? पण बाईंनी तक्रार दिली, मी सही केली. कामगार खात्याची माणसं आली, सात मुलं बाहेर निघाली. मालकाला मोठी माणसं घ्यावी लागली. आता त्या मुलीच्या जागेवर तिची आई बसते आणि मजुरीही मोठ्या माणसाची घेते. जाड बोटांना सगळं जमतंय! सातातली दोन घरं मात्र सामान उचलून कुठे गेली, कळलं नाही. त्या दोन पोरांची रुखरुख आहे.

साहेबांनी बोलावून घेतलं. लोक इतिहास बघायला येतात, घरचं कशाला सांगता, म्हणाले. मी म्हटलं, मग दुसरं कोणी बघा, मला आता अर्धंच सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी ते गर्दीत मागे उभे राहून सगळं ऐकत होते. जाताना एवढंच म्हणाले, तुमच्या ताईंना एकदा बोलवा.

मुलं विचारतात, तुमची ताई आता काय करते? मी सांगते, शिवणाचा वर्ग चालवते, आजवर साठ बायकांना पायावर उभं केलंय, आणि तिच्यासारखी काजं कुणाला जमत नाहीत. हे सांगताना माझी मान इतकी ताठ होते की तू हसशील. तुला न विचारता सांगतेय, याबद्दल रागाव हवं तर. पण थांब म्हणू नकोस.

उत्तर नको लिहूस. तू स्वतःच ये. या वेळी साहेबांशी तुझी ओळख मी करून देईन, नीट.

तुझी, आता खरं बोलणारी,
धाकटी