वरचा ओठ

२० जानेवारी १९५७, रविवार
नानांची दाढी महिन्याची झाली. क्वार्टरच्या ओळीत फिरणाऱ्या न्हाव्याला आज आत बोलावलं. नानांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. माझा सेफ्टी रेझर लावून पाहिला, तर डाव्या हाताने माझं मनगट धरून बाजूला केलं. उजवा हात डिसेंबरातल्या झटक्यापासून गेलेलाच. जीभ जड. पण 'माझा' एवढं स्पष्ट म्हणाले आणि ट्रंकेकडे बघितलं.
ट्रंकेत त्यांचा जर्मन वस्तरा. चाळीस वर्षं स्वतःची दाढी स्वतः केली. आता पात्यावर गंजाचे ठिपके. बाहेर व्हरांड्यात बसत नाहीत. कोणी आलं की पांघरूण नाकापर्यंत.

२३ जाने., बुध.
नागपूरहून दादाचं पत्र. चैत्राआधी येतो आणि वडलांना घेऊन जातो म्हणे. तिथे त्यांचा न्हावी आहे, ओळखीची माणसं आहेत. 'तुमच्या नव्या राजधानीत लाल मातीखेरीज काय आहे?'
खरं आहे. नोव्हेंबरात नवं राज्य झालं, आणि ऑफिसच्या फायलींच्या पेट्यांबरोबर आम्हीही इथे उतरलो. थोरला मुलगा नागपुरात असताना नाना माझ्याबरोबर आले. का, ते मी विचारलं नाही. आता जाऊ द्यावं असं वाटत नाही.
दाढी मलाच शिकायला हवी. त्यांच्याच वस्तऱ्याने.

२७ जाने., रवि.
धार लावायला दगड हवा. घरात दगड एकच: देवापुढची सहाण. दुपारी सगळे आडवे झाल्यावर घेतली. पाणी घातलं, वस्तरा पंधरा मिनिटं घासला. आवाज छान येत होता. समाधान वाटलं. सहाण धुऊन जागेवर ठेवली.
संध्याकाळी गालाला लावून पाहिला. करवत.

२८ जाने., सोम.
सकाळी कमलने गंध उगाळलं, ते राखी रंगाचं निघालं. तिने पुन्हा धुतली, पुन्हा उगाळलं. पुन्हा राखी. मग माझ्याकडे बघितलं.
सांगितलं.
'न्हाव्याचं हत्यार देवाच्या सहाणेवर,' ती म्हणाली. आणखी काही नाही. त्यापेक्षा बायको ओरडली असती तर बरं.
पूजा हल्ली मी करतो, नाना खाटेवरून बघतात. देवांच्या कपाळी आज नुसतं कुंकू. नानांनी हाताने विचारलं, गंध? मी वस्तरा दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग खांदा हलायला लागला. घाबरलो. हसत होते. झटक्यानंतर पहिल्यांदा.

५ फेब्रुवारी, मंगळ.
ऑफिसातून थेट जुन्या शहरात. जुमेराती बाजाराजवळ नन्हे मियाँ यांचं हजामतीचं दुकान. आमच्या सेक्शनच्या दफ्तरीने पत्ता दिला. मंगळवारी गिऱ्हाईक कमी. वय साठीच्या पुढे, डोळ्याला जाड चष्मा, हात स्थिर.
वस्तरा उघडून दिव्याला धरला. 'को खाँ,' (इथे सगळ्यांनाच खाँ म्हणतात) 'इससे लकड़ी छीली क्या?'
सहाणेचं सांगितलं. त्यांनी कान पकडले, माझे नव्हे, स्वतःचे. म्हणाले, तो दगड चंदनासाठी, त्याचा दाणा जाड. लोखंडाला तो खातो. वस्तरा ठेवून जा.
मी म्हटलं, धार लावून नको, लावायला शिकवा. 'बाबू हो?' हो. 'हजामत का धंधा करोगे?' नाही. वडिलांसाठी.
स्टूल पुढे सरकवलं.

१२ फेब्रु., मंगळ.
ठेवून आलेल्या वस्तऱ्याची करवत त्यांनी काढून टाकली होती. पुढचं माझ्या हातून. सिल्ली, म्हणजे बोटभर जाडीचा गुळगुळीत काळपट दगड. वस्तरा सपाट टेकवायचा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला. धार पुढे ठेवून ढकलायचा. उलटवताना पाठीवर उलटवायचा, धारेवर कधी नाही.
मी दाबत होतो. त्यांनी माझ्या हातावर दोन बोटं ठेवली. 'वज़न मत दो, मियाँ. उसका अपना वज़न है।'
एका तासात वीस बरे हात. बाकीचे वाईट. मग चामड्याच्या पट्ट्यावर: तिथे उलटं, पाठ पुढे, धार मागून. पहिल्याच फेऱ्याला पट्टा कापला. त्यांनी चीर बोटाने दाबून बसवली.
घरी यायला नऊ. क. जेवायची थांबलेली.

१७ फेब्रु., रवि.
एक जुनी सिल्ली उस्ताद नन्हे मियाँ यांनी दिली. न्हाव्याकडची वस्तू म्हणून क. ने ती मोरीजवळच्या कोनाड्यात ठेवायला सांगितली. सहाण तिने बदललेली नाही. चिंच लावून, चुन्याने घासून तीच पुन्हा घेतली. 'नानांची आहे,' म्हणाली.
उस्तादांच्या सांगण्यावरून आज मातीच्या माठाची दाढी. साबण फासायचा आणि खरखर न होता उतरवायचा. क. दारात उभी.
'झाला गुळगुळीत. आता मुंज लावू या त्याची.'
नाना खाटेवरून बघत होते. माझा कोन चुकला की डाव्या हाताचा पंजा आडवा करून दाखवायचे. अधिक आडवा. अधिक.

२४ फेब्रु., रवि.
निवडणुकीच्या कामात आठवडा गेला. आज स्वतःच्या गालावर. मनगटावरचे केस आधी उडतात का पाहिलं, उडाले. गाल ठीक. हनुवटीवर एक काप, तुरटी. नंतर पातं कोरडं करून खोबरेल तेलाचं बोट. हे नाना दररोज करायचे, लहानपणी पाहिलेलं. तेव्हा वाटायचं, देवाचंच काही आहे.

५ मार्च, मंगळ.
उस्तादांनी माझा गाल चाचपला. बरं आहे म्हणाले. 'ऊपर का होंठ?'
तिथे मिशी आहे. ऑफिसात निम्मे लोक साफ असतात, पण आमच्या घरी अजून पाळतात: वडील आहेत तोवर मिशी काढायची नाही. नानांचा ओठ आजोबा गेले तेव्हापासून साफ. हे सगळं हिंदीत सांगताना जड गेलं.
त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, लकव्याचा ओठ सैल पडतो. तिथे खाली हाड नाही, वस्तरा आपोआप शिरतो. आधी स्वतःचा कर, मग त्यांच्या ओठाला हात लाव. त्याआधी नाही. 'वादा करो।'
कबूल केलं.

१० मार्च, रवि.
नानांची दाढी केली.
गरम पाण्याचा टॉवेल, साबण, तासभर. कातडी डाव्या हाताने ताणून धरली. त्यांचा गाल इतका पातळ झालाय हे ठाऊक नव्हतं. डोळे मिटून होते. गळ्यापाशी गेलो तेव्हा हनुवटी आपणहून वर केली.
काप एकही नाही. वरचा ओठ सोडला.
नानांनी आरशात बघितलं. गालावरून हात फिरवला. मग ओठावर बोट थांबलं.
दुपारी व्हरांड्यात बसले. पावणेतीन महिन्यांत पहिल्यांदा.

१७ मार्च, रवि.
धुळवड. शेजारचे इंजिनियर रंग घेऊन आले. नानांना म्हणाले, काका, मिशीत तुम्ही पेन्शनर सुभेदार दिसता. नाना हसले नाहीत. आत जायचं म्हणाले. पुन्हा पांघरूण.
दादाचं कार्ड: रविवारी २४ ला पोचतो. नानांचे कपडे तयार ठेवा.

१९ मार्च, मंगळ.
गाल आणि गळा करून झाल्यावर नानांनी ओठाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, तिथे माझा हात बसलेला नाही, आणि का बसलेला नाही तेही सांगितलं.
माझ्या मिशीकडे बघत राहिले. क. कपबश्या विसळत होती, पाण्याचा आवाज थांबला.
'तुझी काढ,' नाना म्हणाले. शब्द जुळवायला वेळ लागला. 'आधी.'
मी म्हटलं, नाना, असं करत नाहीत.
'मी सांगतोय. मी आहे.'
क. नंतर म्हणाली, काढा, पण मला समोर उभं करू नका. मला नाही बघवायचं.

२१ मार्च, गुरु.
काढली. नाकाखाली बारीक काप. उस्ताद म्हणाले होते तसंच, शिरतो.
नानांच्या खाटेसमोर बसून केली. ते बघत होते. झाल्यावर माझा ओठ बोटाने तपासला, सराफ नाणं बघतो तसा. एका ठिकाणी थांबले. तिथे राहिली होती. पुन्हा केली.
ऑफिसात हेडक्लार्क उठून उभे राहिले. 'कधी?' म्हणाले. कोणाकोणाला सांगणार.

२२ मार्च, शुक्र.
नानांचा ओठ. श्वास माझ्या बोटांवर येत होता. तिरकी बाजू शेवटी.
साफ.

२४ मार्च, रवि.
स्टेशनवर दादाने मला डब्याच्या दारातूनच पाहिलं. एक पाय पायरीवर, तिथेच थांबला. मागचे लोक ओरडत होते, 'भाई साहब, उतरो.' त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. माझ्या लक्षात यायला क्षण गेला. हात हलवला, ओरडलो, 'घरी आहेत. चहा घेताहेत.' ऐकू गेलं नसावं. खाली उतरून ट्रंकेवरच बसला.
टांग्यातून नव्या क्वार्टरांशी आल्यावर म्हणाला, 'तुला कळतं का, माझं काय झालं ते?' कळतं म्हटलं. 'नाही कळत.'
नाना व्हरांड्यात. दादाने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं ते उचलेना.

२५ मार्च, सोम.
सकाळी दादा बाजूला उभा राहून नानांची दाढी बघत होता. वाटी त्याने धरली. पाणी निवलं तर न सांगता बदलून आणलं. नंतर मोरीवर मला म्हणाला, 'नागपूरचा न्हावी असं करणार नाही.' थोड्या वेळाने: 'पण तिकिटं दोन काढली आहेत. उद्याची. डॉक्टर तिथे चांगले आहेत, तुलाही माहीत आहे.'
माहीत आहे.
नानांना दोघांनी विचारलं. वेगवेगळं, मग एकत्र. त्यांनी व्हरांड्यातून बाहेर बघितलं. 
दुपारी क. त्यांची ट्रंक भरत होती. धोतरं, बंड्या, औषधं. सगळं बसलं तेव्हा वस्तरा हातात घेऊन माझ्याकडे आली. 'हा कुठे ठेवू?'
नानांना विचार म्हटलं. विचारायला गेली. ते डोळे मिटून पडले होते.
झोपले नव्हते.