दुसरी बाजू, शेवटचा तुकडा

रविवार, ३ ऑगस्ट २०२५. सकाळी अकरा.

तवा राखेने घासत होते मी. नळ चालू, घागर भरत आलेली, स्टोव्हवर दूध. मागे हे उभे आहेत याचा पत्ताच नाही. हातात माइक, त्याची वायर दारातून थेट पलंगाखालच्या टेपपर्यंत. सिकंदराबादचं क्वार्टर, साल १९८४, मला पंचविसावं चालू. मी म्हटलं, अहो, सरका जरा, फरशी ओली आहे. त्यावर हे म्हणाले, तुझं चालू दे, छान येतंय. शब्दन्‌शब्द लक्षात आहे.

हे सगळं त्यांच्या रेकॉर्डवर आहे. दुसरी बाजू, शेवटचा तुकडा, सहा मिनिटं. बाकीच्या तुकड्यांत त्यांनी बनवलेलं यंत्र वाजतं. नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात, पण घरी भंगारातले पार्ट जोडून एक लाकडी पेटी केली होती. बटण फिरवलं की घूं घूं. जोडीला मित्र हिम्मतराव हलगीवर. शंभर रेकॉर्डी कलकत्त्याहून छापून आणल्या. दोन-चार वाटल्या, बाकी कोणी घेतल्या नाहीत. माळ्यावर पत्र्याच्या उन्हाने वाकल्या. एक धड राहिली, ती मी जपली.

आज लिहायचं कारण, लेकीला, प्राजक्ताला, जर्मनीतून मेल आला. लायप्झिग गावची छोटी कंपनी आहे, जगभरातल्या जुन्या न खपलेल्या रेकॉर्डी शोधून पुन्हा छापते. इथे हैदराबादला, आबिड्सच्या फुटपाथवरच्या रविवारच्या जुन्या बाजारात कोणाला तरी ह्यांची एक रेकॉर्ड मिळाली. पहिली बाजू चांगली, दुसरीवर खिळ्याने रेघ मारलेली. दुसरी बाजू आपल्याकडे आहे का, असं आन्या नावाची बाई विचारते.

आहे. वर्षभर कपाटात, आणि दर खंडेनवमीला पाटावर, पेटीशेजारी. हे जाऊन सहा वर्षं झाली, मी एक वर्ष चुकवलं नाही. दुसरी बाजू वर ठेवते, कारण ती माझी. मधल्या कागदाला लागून गोल पाच बोटं, हळद आणि कुंकू. हे होते तेव्हा म्हणायचे, पेटीला लाव, रेकॉर्डला नको. आता कोण म्हणणार.

काम सोपं आहे. आठवडाभरात संपवते. भावनेत वगैरे जायचं नाही.

रविवार, १० ऑगस्ट.

रेकॉर्ड धुतली. प्राजक्ता म्हणाली होती त्याचं वेगळं लिक्विड मिळतं, आई थांब. मी थांबले नाही. रिठ्याचं पाणी, जुन्या सुती साडीचा तुकडा. पैठणी धुतलेली आहे मी रिठ्यात.

लाल पाणी आलं. कलकत्त्याचा रंग कच्चा असणार.

रविवार, १७ ऑगस्ट.

प्राजक्ता ऑफिसातल्या कोणाची तरी मशीन घेऊन आली. त्यावर रेकॉर्ड लावली की आवाज कॉम्प्युटरात जातो. तिने विचारलं, आई, बसतेस ना ऐकायला? मी म्हटलं, घरात कढीपत्ता नाही.

कढीपत्ता आणायला एक तास लागला. दिलसुखनगरात इतकी गर्दी, मी तरी काय करणार. आले तेव्हा झालं होतं. प्राजक्ताचे डोळे लाल. म्हटलं, सर्दी झाली का? ती म्हणाली, हो.

मला ऐकायची गरजच नाही. पाठ आहे.

सोमवार, २५ ऑगस्ट.

आन्याचं उत्तर. प्राजक्ताने वाचून दाखवलं. शेवटचा तुकडा ऐकून लायप्झिगचे लोक वेडे झाले आहेत. म्हणे स्वयंपाकघराच्या आवाजाखाली अखंड पाच मात्रांचा ठेका आहे, टिक टिक टिक टिक टिक, पुन्हा टिक टिक. असं त्या काळी कोणी केलेलं त्यांना माहीत नाही. रेकॉर्डसोबत माहितीचं पान छापायचं आहे, त्यात हे घालणार.

मी म्हटलं, हे असेच होते. पाच मात्रा त्यांच्या डोक्यात कायम असायच्या. जिना चढतानासुद्धा.

प्राजक्ता म्हणाली, मला कधी दिसलं नाही. तिला काय दिसणार.

कंपनीच्या बाकीच्या रेकॉर्डींची यादीही आली आहे. चौथीपर्यंत शाळा, पुढचं सगळं मी घरात बसून शिकले, इंग्रजीसुद्धा डिक्शनरी मांडीवर घेऊन. दोन दिवसांत यादी वाचून काढली. इथिओपियाचा ऑर्गन. कुठल्या तरी बेटावरचं लग्नातलं कीबोर्ड. मागच्याच वर्षी बनवलेलं नवंही आहे, ते तळघरात वाजवतात म्हणे. प्रत्येकाखाली लिहिलंय, हरवलेलं, सापडलेलं. ह्यांच्या खालीही लिहिणार आहेत. हरवलेलं कुठे? कपाटात होतं.

मंगळवार, २ सप्टेंबर.

त्रास. आन्याने पुन्हा लिहिलं आहे. त्यांच्यातल्या एकाला शंका आली की ती टिकटिक ठेका नसून रेकॉर्डवर काहीतरी चिकटलं असावं. कॉम्प्युटरला टिकटिक काढायला सांगितली, तर त्याने माझी भांडीही काढली. वाटीचा आवाज आणि खराबीचा आवाज त्याला एकच वाटतो. उरलं काय, तर नळ.

तेव्हा घरातल्या माणसाने बसून ऐकावं आणि लिहून द्यावं, कोणत्या मिनिटाला काय आहे, खरं कोणतं, खराबी कोणती. तीस सप्टेंबरच्या आत. त्यानंतर छपाईची पाळी जाते. नाही आलं तर शेवटचा तुकडा गाळून रेकॉर्ड निघेल.

सहा मिनिटांचं काम. उद्या दुपारी.

चिकटलं वगैरे काही नाही. सुई खराब आहे.

गुरुवार, ४ सप्टेंबर.

मशीन आणि रेकॉर्ड घेऊन आबिड्सला खलीलभाईंकडे. ह्यांच्या वेळेपासूनचे रेडिओ रिपेअरवाले. म्हटलं, सुई बदला. त्यांनी भिंग लावून बघितलं, म्हणाले, अम्मा, सुई को कायकू बदनाम करते, सुई नवी है. मग रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली. म्हणाले, ये बीच में लाल-पीला क्या है? मी म्हटलं, धूळ. ते म्हणाले, हैदराबाद में धूल कबसे लाल हुई?

चहा पाजला. सुई बदलली नाही. हट्टी माणूस.

मंगळवार, ९ सप्टेंबर.

पितृपक्ष लागला. या दिवसांत नवीन काम सुरू करायचं नाही. माझ्या हातात काय आहे.

प्राजक्ता म्हणाली, आई, हे नवीन कुठे, चाळीस वर्षं जुनं आहे. या पोरीला मराठी वाचता येत नाही म्हणून वही टेबलावर ठेवता येते, पण बोलते मात्र वकिलासारखी.

रविवार, १४ सप्टेंबर.

उपाय सापडला. घरातलाच माणूस कशाला, हिम्मतराव ऐकतील. सिकंदराबादला त्यांच्या घरी गेले, प्राजक्ताने तुकडा फोनमध्ये घालून दिला होता. त्यांच्या कानाला ऐकायचं यंत्र लावून फोन चिकटवला, मी बाहेर व्हरांड्यात थांबले, त्यांच्या बायकोच्या कुंड्या बघायच्या होत्या. सहा मिनिटांनी आत गेले. काय काय आलं, विचारलं. म्हणाले, वहिनी, नळ राहिलाय वाटतं चालू. बाकी? बाकी काही नाही. हलगी नाहीच यात. जर्मनीला सांगा, भांड्यांना कोण विचारतं, माझा पहिल्या बाजूचा तुकडा दोनदा टाका.

मग मला म्हणाले, लक्ष्मणचा आवाज मात्र ऐकायला आवडला असता. लक्ष्मण म्हणजे हे. मी म्हटलं, आहे ना त्यात, तुमच्या यंत्राची बॅटरी बघा.

शनिवार, २० सप्टेंबर.

आज बसले आणि अख्खी यादी एका दमात लिहिली. ऐकायला लागलं नाही.

पहिली दोन मिनिटं, केर काढणं. मग नळ. मग तवा. चौथ्या मिनिटाला वाट्या. पाच चाळीसला ह्यांचा आवाज, तुझं चालू दे, छान येतंय. टिकटिक हा ठेका आहे, तो ठेवणे.

चाळीस वर्षं रोज तीच कामं त्याच क्रमाने केली आहेत मी. पाठांतर म्हणजे काय ते लायप्झिगला कळेल.

प्राजक्ताला वाचून दाखवली, तिने इंग्रजीत घातली. म्हणाली, आई, एकदा ऐक ना. मी म्हटलं, पाठव. तिने पाठवली.

बुधवार, २४ सप्टेंबर.

आन्याचं उत्तर फार सौजन्याचं. यादी मिळाली, आभार. पण तुकडा पाण्याने सुरू होतो. झाडू कुठेच नाही. एक बाई तीनदा काही बोलते, ते यादीत नाही. आणि पाच चाळीसला पुरुषाचा आवाज आम्हाला सापडला नाही, आपण पुन्हा बघाल का?

या लोकांना मराठी येत नाही, सापडणार कसा. हे हळू बोलायचे. मला घरातल्या घरात ऐकू यायचं नाही, जर्मनीत काय येणार.

उद्या ऐकते आणि दाखवून देते.

गुरुवार, २५ सप्टेंबर.

गल्लीत बतुकम्माच्या सणाची गाणी, लाऊडस्पीकर. ऐकणं शक्य नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर.

लाऊडस्पीकर दुपारी बंद होता. पण पाऊस.

रविवार, २८ सप्टेंबर.

प्राजक्ता आली. म्हणाली, मी ऐकून लिहून देते, पण मला कोणतं भांडं कोणतं ते कसं कळणार, मी जन्मले नव्हते. मी म्हटलं, अजून दोन दिवस आहेत. ती म्हणाली, आई, तू घाबरतेस. मी म्हटलं, कशाला घाबरू, माझाच नवरा. ती म्हणाली, म्हणूनच.

जेवण न करता गेली. पुऱ्या केल्या होत्या.

मंगळवार, ३० सप्टेंबर. दुपारी दीड.

सकाळी साडेनऊला ऐकलं. मशीन अजून इथेच आहे. सुई मीच ठेवली, दोनदा.

पाण्याने सुरू होतं. घागर. मग तवा. त्या दिवशी केर राहिला होता. नळाला पाणी उशिरा आलं म्हणून सगळं सोडून आधी भरायला घेतलं असणार. मग वाट्या, ताट, उलथणं एकदा पडतं. दुधावर झाकण.

आणि मी. किती कर्कश बोलायचे मी. अहो, सरका जरा. थोड्या वेळाने, सरका म्हटलं ना. मग तिसऱ्यांदा, अहो, ऐकू येतंय का, पाय भिजतील.

उत्तर नाही. तीनही वेळा नाही. पाच चाळीसला मी कान मशीनला लावून बसले. नळ आहे. छान येतंय असं कोणी म्हणत नाही. पुन्हा लावलं, पुन्हा नाही. अकरा वाजेपर्यंत लावत होते.

हे बोललेच नाहीत. बोलले असते तर टेपवर आलं असतं, म्हणून गप्प उभे राहिले. पाय भिजवत. छान येतंय हे कधी म्हणाले असतील ते नंतर, टेप बंद झाल्यावर. किंवा मीच.

सहा वर्षं मी ज्याला घाबरून रेकॉर्ड लावली नाही, ते त्यावर नव्हतंच.

टिकटिक आहे. एका फेरीला पाच. ती कशाची हे कळायला मला भिंग लागलं नाही. मधला कागद बोटाने चाचपला, त्याच्या कडेने पाच जागा खरखरीत. तुकडा शेवटचा म्हणून मधल्या कागदाला सगळ्यात जवळ. पहिल्या बाजूला लावलं असतं तर हलगी गेली असती.

एक गोष्ट शेवटी आहे. नळ चालूच असतो आणि एकदम खट् होतं, मग काही नाही. हा कुठल्या भांड्याचा आवाज, म्हणून चारदा ऐकला. भांड्याचा नाही. त्यांनी टेपचं बटण दाबलं.

प्राजक्ताला फोन केला, सांगते तसं इंग्रजीत घाल. लिहिलं ते असं. पाणी, तवा, वाट्या, उलथणं माझं. ओरडणारी बाई मी. टिकटिक हा ठेका नाही, माझं हळदकुंकू आहे, सहा वर्षांचं, रिठ्याने गेलं नाही. आधी ठेका म्हटलं ते चूक. शेवटचा खट् माझ्या नवऱ्याचा आहे, तेवढाच आहे, तो कॉम्प्युटरने काढायचा नाही. त्यासाठी टिकटिकही ठेवावी लागली तर ठेवा.

प्राजक्ताने सगळं लिहून घेतलं. मग तेलुगूत म्हणाली, सरे आई, बरं, पाठवते. उरलेल्या पुऱ्या आहेत का?

पुऱ्या परवाच्या. पण येते म्हणाली.

बुधवार, १ ऑक्टोबर. सकाळी.

आन्याचं उत्तर आलं आहे. खट् राहील. भांडी राहतील. टिकटिकही राहील, कारण माहितीचं पान छापून झालंय आणि त्यात पाच मात्रांची अर्धं पान स्तुती आहे. बरं.

आज खंडेनवमी. आधी पाणी भरलं, मग केर काढला. पेटीला हळदकुंकू लावलं. रेकॉर्ड कव्हरात ठेवली.