आईच्या घेवड्याचं बी

व्हरमाँट, रविवार

प्रिय व्हर्नाताईस धाकट्याचा नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. लिहायची लाज वाटत होती. मी बरा आहे. लेक काही कमी पडू देत नाही.

माझ्या आयडेलाला पुरून आलो त्या शनिवारी माणसं जेवायला थांबली. शनिवारी रात्री आपल्याकडे घेवडाच असतो, म्हणून मी फळीवरच्या बरणीतला घेवडा शिजवला. तिने पेरणीसाठी राखलेला, आईचा लाल ठिपक्यांचा घेवडा होता तो. सगळ्यांनी वाखाणला. रिकामी बरणी विसळताना मला कळलं.

तेव्हापासून इथल्या शनिवारच्या शेतकरी बाजारात तो शोधतोय. काल हंगामातला शेवटचा बाजार होता.

घेवडेवाली म्हणाली, "आलात आजोबा? आज तरी घ्या, नुसते चाचपून जाता! चव तीच आहे."

"चव नको गं, तेच बी हवंय. बायकोने राखलेलं मी शिजवून खाल्लं."

तिचं हसू गेलं. "ते बाजारात नाही मिळायचं हो. घरच्यांनाच विचारा."

ताई, तुझ्या माळ्यावरच्या आईच्या डब्यात मूठभर तरी उरलंय का? माळ्यावर तू चढू नकोस, तुझा गुडघा दुखतो. शेजाऱ्याला चढव. नसलं तर तसं सांग, म्हणजे मी टपालवाल्याची वाट बघणं सोडेन. पण लवकर कळव गं.

तुझा,
हार्लन