गुरुजी, जरा मागच्या बाजूनं या

गुरुजी, मी कोण ते तुम्हाला आठवणार नाही, हे धरूनच चालते. जिवंतपणी एकदा घेतलेली हजेरी तुम्ही तासाभरानं पुन्हा घ्यायचात आणि पोरं दोन्ही वेळा 'हजर' म्हणायची. आता तर तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तेव्हा विसरायला निमित्तही चांगलं मिळालं. म्हणून मीच सांगते. तुमच्या शाळेच्या पडवीत खिचडी शिजवायची ती बाई. हे मी सांगतेय आणि माझी नात लिहितेय. तिनं विचारलं, "आज्जी, तू बोलतीस तसंच लिहू का नीट लिहू?" मी म्हटलं, "गुरुजींसाठी हाय, नीटच लिही, न्हाईतर वर बसून लाल शाई मागवतील. माणसं बोलतील तिथं तेवढं जसंच्या तसं ठेव."

दुसरीच्या वर्गाची खिडकी माझ्या चुलीवर उघडायची. मी डाळ निवडते आहे आणि आत तुम्ही पाढे घेताय. रोज ऐकून ऐकून मला अक्षर येत नसलं तरी बारापर्यंतचे पाढे यायला लागले होते. एक दिवस तुम्ही विचारलंत, बारा साते? वर्ग गप्प. मला राहवलं नाही, मी खिडकीतून म्हटलं, "चौऱ्यांशी." पोरं हसली. तुम्ही मागं वळूनसुद्धा न बघता म्हणालात, "बाई, खिचडी करपतेय." करपत नव्हती, गुरुजी. मी पातेलं उतरवून तळ बघितला होता.

पण ते मी केव्हाच सोडून दिलं असतं. सोडलं नाही ते पुढचं. सरकारी घरकुलासाठी पक्कं घर नसलेल्यांची यादी करायचं काम वरून तुमच्या गळ्यात पडलं. आदल्या दिवशी तुम्ही शाळेतल्या पोरांबरोबर वस्तीवर निरोप धाडला, उद्या गुरुजी घरं बघायला येणार. आता आमच्याकडं कुणी घर बघायला येणार म्हटलं की घर बघण्यासारखं करायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. पोरीला बघायला येतात तेव्हा तिला काय फाटकं नेसवून बसवतात का? आमच्या मालकांनी, म्हणजे या नातीच्या आजोबांनी, गोदामाच्या बांधकामावरून उरलेलं सिमेंट आणलं. एका पोत्यात वस्तीतल्या चार घरांच्या पुढच्या भिंती भागवल्या. दारापासून कोपऱ्यापर्यंत सिमेंट, कोपरा वळला की माती. बाकीच्यांनी चुना मारला, अंगण सारवलं. चांगल्या खुर्च्या सगळ्या वस्तीत मिळून दोनच होत्या. तुम्ही एका घरून उठलात की माझा दीर त्या खुर्च्या मागच्या बोळातून पळवत पुढच्या घरी नेऊन मांडायचा. दिवसभर तुम्ही त्याच खुर्चीवर बसलात आणि घरोघरी लिहिलंत, खुर्च्या दोन.

माझ्या दारात बसून तुम्ही चहा घेतलात. मी म्हटलं होतं, "गुरुजी, जरा मागच्या बाजूनं या." तुम्ही ऊन बघितलंत, घड्याळ बघितलंत आणि म्हणालात, "दिसतंय की सगळं इथून." पुढं शाई केलीत, मी अंगठा दिला. वस्तीत घरकुल मिळालं ते फक्त एकीला. ती त्या दिवशी दौंडकडं माहेराला गेली होती, तिला निरोपच मिळाला नव्हता. तिचं घर जसं होतं तसंच तुम्हाला दिसलं.

दोन वर्षांनी परतीच्या पावसात माझी मागची भिंत बसली. मालक तिच्या आडोशाला कडबा रचत होते. खुबा मोडला. शिरूरला नेलं, तिथले म्हणाले पुण्याला न्या, पुण्यात दोन महिने काढले. तिथून पुढं ते कुशीवर झोपले ते एकाच बाजूच्या, मरेपर्यंत. मी शाळेत येऊन तुमच्या टेबलासमोर उभी राहिले. त्या दिवशी चूल दुसरीला सांभाळायला दिली होती, म्हणजे करपण्याचं कारण तुम्हाला मिळू नये. तुम्ही म्हणालात, "बाई, मी दिसलं ते लिहिलं. खाली तुमचा अंगठा आहे." बाहेर पोरं ऐकत होती. त्यात ही नातही होती, तिसरीत.

आता ती काय करते ते ऐका. तुमच्या काळी अशी नोकरी नव्हती. डेटा सायंटिस्ट म्हणतात. वस्तीत कुणी विचारलं की मी सांगते, कॉम्प्युटरवर याद्या पाखडते. पुण्यातल्या ज्या संस्थेत ती आहे, ती घरकुलाच्या जुन्या याद्या तपासून देते, कागदावर घर आहे आणि जागेवर नाही असं कोण राहून गेलं ते. भीमेच्या अलीकडची शिरूरची गावं, पलीकडची दौंडची गावं, सगळी तिच्या सुपात. आकाशातून काढलेले फोटो असतात म्हणे. यादीत पक्कं लिहिलंय आणि फोटोत छप्पर बसलेलं दिसतंय, अशी घरं मशीन बाजूला काढतं. एक दिवस तिचा फोन आला. "आज्जी, येका वस्तीतली, येक घरकुल सोडलं तर, झाडून सगळी घरं बाजूला निघाली. आन् परत्येक घरात खुर्च्या दोनच. बघती तर आपली वस्ती." ती आधी खूप हसली. मग साहेबांना जाऊन सांगितलं, गाव माझं आहे, इथली तपासणी दुसऱ्याला द्या.

मी तिला एवढंच म्हटलं, "फोटो काढायला मान्सं येतील ना, त्यांना म्हणावं मागनं सुरुवात करा." तिनं ते ऑफिसात सांगितलं. आता त्यांच्या मोबाईलात मागच्या भिंतीचा फोटो घातल्याशिवाय पुढचा फॉर्म उघडतच नाही. साहेब म्हणाले म्हणे, हे आपल्याला कसं सुचलं नाही. कसं सुचेल? ते नेहमी पुढच्या दारानंच आत गेलेले. मला त्या दिवशी फार आनंद झाला, गुरुजी, लपवत नाही. गणिताची गोडी या पोरीला तुम्हीच लावलीत. स्कॉलरशिपच्या वेळी कंपासपेटी तुम्ही स्वतःच्या खिशातून घेऊन दिलीत, तेही मला आठवतं, मी तुमच्यासारखी नाही. तुम्ही मोजायला शिकवलेल्या पोरीनं तुमचीच यादी उलटी केली. वस्तीतली राहिलेली सगळी घरं आता नव्या यादीत चढली, माझंही. मालक नाहीत बघायला, पण तुम्हीही नाही, असं म्हणून मी ते बरोबर करून घेते.

परवा तुमची सून आली. तुमचा मुलगा रांजणगावला कंपनीत गेला तो तिकडचाच झाला, हे तुमच्यासमोरच घडलं. ही बाई तुमच्या घरात एकटी राहते. पुढं स्लॅब आहे, तुमच्या नावाची पाटी आहे. मागच्या दोन खोल्या पडल्यात, त्यांवर तिनं निवडणुकीचा फ्लेक्स ताणून बांधलाय. आकाशातून मशीनला पुढचा स्लॅब दिसला आणि मागं काहीतरी गुळगुळीत दिसलं, त्यानं तिला पक्क्यात टाकलं. आता एकच वाट उरलीय. उद्या तपासणीचा मुलगा येईल तेव्हा शेजारच्या एखाद्या जुन्या माणसानं साक्ष द्यायची आणि अंगठा उठवायचा. तुमची आळी आमच्या वस्तीला लागून, आणि दोन्हींत जुनं माणूस म्हणून मीच उरलेय. मी तिला बाहेरच बसवलं, खुर्चीवर.

"मावशी, येकदा मागं येऊन डोळ्यानं बघा की," ती म्हणाली.

"माझं गुडघं धरल्यात बाई. आन् पुढनं दिसतंय की सगळं. स्लॅब हाय, पाटी हाय. मी दिसलं तेच सांगणार."

ती रडेल असं मला वाटलं होतं. खरं सांगते, मी वाटच बघत होते. ती माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "ही बोली मला म्हाईत हाय. ह्यांनी घर सोडलं तवा मामंजी मला असंच म्हणले. तू नीटनेटकी दिसत न्हाईस म्हणून गेला तो, मी आपलं दिसतं ते बोलतो." चहा न घेताच ती उठून गेली. तिच्यासाठी ओतलेला चहा मीच पिऊन टाकला.

आता एक गोष्ट सांगायची उरलीय. नातीला ही हकिकत मी शंभर वेळा सांगितली असेल, दर वेळी एवढं गाळून. तुम्ही चहा पिता पिता विचारलं होतंत, "काय बाई, घर पक्कं आहे ना?" तेव्हा कुंपणाशी जाऊबाई उभ्या होत्या, त्यांच्या माहेरचं कुणीतरी सोबत होतं. आणि मी म्हटलं, "व्हय गुरुजी, पक्कंच की." तुम्ही मान डोलावलीत. दहा जणांत माझ्या घराला कुणी बरं म्हणायची ती पहिलीच वेळ होती. मागच्या बाजूनं या म्हटलं ते तुम्ही लिहून झाल्यावर, आणि तेही हळूच. मालकांना हे कधी कळलं नाही. ते मरेस्तोवर तुम्हाला शिव्या देत राहिले आणि मी देऊ दिल्या. आता सांगताना नातीचा हात थांबलाय. तिला म्हटलं, लिही.

पण म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. पोरगं चुकीचं उत्तर द्यायचं तेव्हा तुम्ही त्याला परत विचारायचात, नीट आठव म्हणायचात, मी खिडकीतून ऐकलंय. मला तुम्ही एकदाच विचारलंत.

तर उद्या मी जाणार आहे. गुडघे काही धरलेले नाहीत. वस्तीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय. तुमच्या पाटीखालून साऱ्या लोकांना घेऊन मी मागं जाणार आणि तो फ्लेक्स माझ्या हातानं सोडणार. तुमच्या घरामागं काय आहे ते गाव बघेल. त्यानं तुमच्या सुनेला घर मिळेल आणि तुमची अब्रू जाईल. दोन्ही एकाच अंगठ्यात. यातलं मला जास्त काय हवंय ते विचारू नका, पुन्हा खोटं बोलेन.

नात विचारतेय, "आज्जी, ह्याचं काय करू आता?" काही करू नको, राहू दे तुझ्या मोबाईलात. पत्ता कुठाय त्यांचा? पाठवायचंच तर त्या सुनेला पाठव, आणि हे पत्र नव्हे. आधी निरोप दे, म्हणावं उद्या अंगण सारवू नको, झाडूसुद्धा मारू नको, खुर्च्या मागायला कुठं जाऊ नको. आणि सोबत डबा दे, म्हणजे माणसं येणार म्हणून ती चुलीशी बसायची नाही. बाजरीच्या सहा भाकरी, वांग्याचं भरीत, वर कांदा फोडून. गोड काही घालू नको. गुरुजींच्या घरी गोड धाडण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही.